इंजिनात एरंडेल मिसळलं आणि कॅस्ट्रॉल उभं राहिलं, गोष्ट चार्ल्स वेकफिल्डची

एरंडेल म्हटलं की पोट साफ करण्यासाठी नाक दाबून घेतलेला चमचा आठवतो. पण शंभर वर्षांपूर्वी हेच एरंडेल मोटारीच्या आणि विमानाच्या इंजिनात जायचं. एरंडेलाला इंग्रजीत म्हणतात कॅस्टर ऑईल, आणि त्यावरूनच नाव पडलं कॅस्ट्रॉल. हा ब्रँड उभा करणारा माणूस होता चार्ल्स चीअर्स वेकफिल्ड.

वेकफिल्डचा जन्म 1859 चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. तरुणपणीच तो तेलाच्या धंद्यात शिरला आणि व्हॅक्यूम ऑईल या अमेरिकन कंपनीत मोठ्या पदावर पोहोचला. हीच कंपनी पुढे मोबिल झाली. म्हणजे आज दुकानात शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन ब्रँडचं जुनं नातं आहे.

1899 मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने चांगली नोकरी सोडली आणि लंडनमध्ये सी. सी. वेकफिल्ड अँड कंपनी काढली. सुरुवातीला गिऱ्हाईक होतं रेल्वे आणि अवजड यंत्रांचं. पण तेवढ्यात रस्त्यावर मोटारी आणि आकाशात विमानं दिसू लागली, आणि जुनं वंगण कमी पडायला लागलं.

अडचण काय होती? इंजिन थंड असताना तेल पातळ हवं, म्हणजे ते सुरू होताच सगळीकडे पोहोचतं. इंजिन तापल्यावर मात्र तेच तेल फार पातळ होऊन चालत नाही, नाहीतर धातूवर धातू घासतो. तेव्हाच्या खनिज तेलाला हे दोन्ही जमत नव्हतं. कंपनीच्या संशोधकांनी त्यात ठराविक प्रमाणात एरंडेल मिसळलं, कारण ते उष्णतेतही धातूला चिकटून राहतं. 1909 मध्ये कॅस्ट्रॉल बाजारात आलं. आजच्या भाषेत सांगायचं तर हे ॲडिटिव्हच होतं.

पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांत रोटरी इंजिनं होती. त्यांत पेट्रोल आणि हवेचं मिश्रण इंजिनाच्या पोटातूनच जायचं. साधं खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून धुऊन जायचं, एरंडेल मात्र सहज विरघळत नसे. म्हणून तिथे एरंडेलच लागायचं. त्याचे फवारे वैमानिकांच्या तोंडावर उडायचे आणि पोटं बिघडायची, ते वेगळंच.

पण याच एरंडेलाची दुसरी बाजूही होती. ते लवकर खराब होतं, त्याचा चिकट थर इंजिनात साचतो. रेसच्या गाडीत हे चालून जायचं, कारण तिचं इंजिन वरचेवर खोललं जायचं. रोजच्या गाडीला ते परवडणारं नव्हतं. जे एका इंजिनाला वाचवतं, तेच दुसऱ्याला नडतं.

वेकफिल्डला तेलाइतकंच माणसांवर पैसे लावणंही जमायचं. 1915-16 मध्ये तो लंडनचा लॉर्ड मेयर होता. 1930 मध्ये ॲमी जॉन्सन या तरुणीला एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला उडायचं होतं आणि पैसे देणारं कोणी सापडत नव्हतं. तिच्या जुन्या विमानासाठी काही पैसे वडिलांनी दिले, काही वेकफिल्डने. 5 मे रोजी निघालेली ॲमी कराची, झाशी, कलकत्ता करत 24 मे रोजी डार्विनला पोहोचली.

त्याच वर्षी जूनमध्ये मात्र वेकफिल्डच्या पैशाने बांधलेल्या मिस इंग्लंड 2 या बोटीने पाण्यावरचा विक्रम केला आणि पुढच्याच फेरीत ती उलटली. चालक हेन्री सीग्रेव्हचा मृत्यू झाला. बोट तरंगत्या ओंडक्यावर आदळली असावी, असं मानलं जातं.

वेकफिल्ड 1941 मध्ये गेला. 1960 मध्ये कंपनीनेही त्याचं नाव सोडून कॅस्ट्रॉल हेच नाव घेतलं. आज कॅस्ट्रॉल इंडियाचं मुख्यालय मुंबईत आहे.

आता मुद्दा तुमच्या गाडीचा. इंजिन ऑईलच्या डब्यात आज काजळी धरून ठेवणारे, झीज रोखणारे, तापल्यावर दाटपणा टिकवणारे घटक आधीच मिसळलेले असतात, तेही एकमेकांशी जुळवून. त्यात वरून वेगळी बाटली ओतली की हे प्रमाण बिघडू शकतं. उदाहरणार्थ, झीज रोखणाऱ्या घटकांतलं फॉस्फरस जास्त झालं तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. आणि इंजिन आधीच झिजलेलं असेल तर कुठलीही बाटली ते भरून काढत नाही.

त्यामुळे ऑईल घेताना गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड बघा, उदाहरणार्थ 5डब्ल्यू-30. यातला डब्ल्यूआधीचा आकडा थंड इंजिनातल्या वागणुकीचा, नंतरचा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. त्यासोबत दिलेला एपीआय किंवा एसीईए दर्जाही जुळवा आणि ठरल्या वेळी ऑईल बदला. वेकफिल्डच्या कंपनीने 1909 मध्ये जे केलं ते हेच होतं, इंजिनाला काय हवंय ते आधी बघितलं आणि मग मिसळलं. तुमच्या इंजिनासाठी हे मिसळण्याचं काम डबा सील होण्याआधीच झालेलं असतं.