जॉन कोल्ट्रेन

जॉन विल्यम कोल्ट्रेन (२३ सप्टेंबर १९२६ – १७ जुलै १९६७) हे अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक, संगीतरचनाकार आणि वाद्यवृंदप्रमुख होते. टेनर आणि सोप्रानो या दोन्ही प्रकारच्या सॅक्सोफोनांच्या वादनावर त्यांचा दूरगामी प्रभाव पडला. स्वतःच्या नावावरील त्यांचे जवळजवळ सर्व ध्वनिमुद्रण १९५७ ते १९६७ या दहा वर्षांत झाले. या अल्प काळात त्यांनी आपली शैली वारंवार बदलली. त्यामुळे त्यांच्या एका अल्बमवर प्रेम करणाऱ्या श्रोत्याला पुढचा अल्बम परका वाटावा, असे अनेकदा घडले. जॅझचे श्रोते आजही त्यांचे अल्बम कालक्रमाने ऐकतात, ते या सततच्या शोधाचा माग काढण्यासाठी.

बालपण आणि शिक्षण

कोल्ट्रेन यांचा जन्म नॉर्थ कॅरोलिना राज्यातील हॅम्लेट या गावी झाला. ते काही महिन्यांचे असतानाच कुटुंब त्याच राज्यातील हाय पॉइंट येथे स्थायिक झाले. आजोबा विल्यम ब्लेअर हे आफ्रिकन मेथॉडिस्ट पंथाच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. वडील शिंपीकाम करीत आणि हौसेने व्हायोलिन वाजवीत. १९३८-३९ च्या हिवाळ्यात अवघ्या काही महिन्यांत वडील, आजी-आजोबा आणि मावशी यांचे निधन झाले. त्यानंतर कुटुंबाचा भार आईवर आला. याच सुमारास त्यांनी वाद्यशिक्षणास प्रारंभ केला. आरंभी ते आल्टो हॉर्न व क्लॅरिनेट वाजवीत, पुढे आल्टो सॅक्सोफोनकडे वळले.

शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर १९४३ मध्ये ते फिलाडेल्फियास गेले. जून १९४५ मध्ये तेथे त्यांनी चार्ली पार्कर यांचे वादन प्रत्यक्ष ऐकले आणि बीबॉप या नव्या शैलीकडे ते ओढले गेले. त्याच वर्षी ते नौदलात दाखल झाले व हवाई बेटांवर नौदलाच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. १९४६ मध्ये सेवामुक्त झाल्यावर त्यांनी फिलाडेल्फियातील ग्रॅनॉफ स्टुडिओज या संस्थेत डेनिस सँडोल यांच्याकडे संगीतशास्त्राचा अभ्यास केला. तासन्‌तास एकट्याने रियाज करण्याची सवय त्यांना याच काळात लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

सुरुवातीची कारकीर्द

१९४७ मध्ये एडी व्हिन्सन यांच्या वाद्यवृंदात असताना कोल्ट्रेन टेनर सॅक्सोफोन वाजवू लागले. त्यानंतर त्यांनी डिझी गिलेस्पी, अर्ल बॉस्टिक आणि जॉनी हॉजेस यांच्या वाद्यवृंदांत काम केले. हॉजेस हे त्यांचे लहानपणापासूनचे आदर्श होते. याच वर्षांत त्यांना हेरॉइनचे व्यसन जडले.

१९५५ मध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांनी त्यांना आपल्या पंचकात घेतले. रेड गारलँड (पियानो), पॉल चेंबर्स (डबल बास) आणि फिली जो जोन्स (ड्रम्स) हे त्यातील इतर वादक होते. डेव्हिस मोजके सूर आणि दीर्घ विराम यांतून परिणाम साधत. कोल्ट्रेन मात्र एकाच स्वरवाक्यात अनेक शक्यता तपासून पाहत. या विरोधातूनच पंचकाच्या संगीताला धार आली. प्रेस्टीज कंपनीसाठी मे आणि ऑक्टोबर १९५६ मधील दोन दिवसांत या पंचकाने केलेल्या ध्वनिमुद्रणातून ‘कुकिन’, ‘रिलॅक्सिन’, ‘वर्किन’ आणि ‘स्टीमिन’ हे चार अल्बम पुढे प्रसिद्ध झाले.

१९५७ : कलाटणी

व्यसनामुळे वादनात व वागण्यात येणाऱ्या अनियमिततेला कंटाळून डेव्हिस यांनी एप्रिल १९५७ मध्ये कोल्ट्रेन यांना पंचकातून काढून टाकले. कोल्ट्रेन फिलाडेल्फियातील घरी परतले आणि त्यांनी व्यसन सोडले. या काळात आपल्याला आध्यात्मिक जागृतीचा अनुभव आला, असे त्यांनी पुढे स्वतः नमूद केले आहे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते पियानोवादक थेलोनियस माँक यांच्या चौकडीत सामील झाले आणि वर्षअखेरपर्यंत न्यूयॉर्कमधील फाइव्ह स्पॉट कॅफे येथे वाजवीत राहिले. माँक अनेकदा पियानोवरून उठून जात. अशा वेळी केवळ बास आणि ड्रम्सच्या साथीने कोल्ट्रेन यांना संपूर्ण रचना पेलावी लागे. सप्टेंबर १९५७ मध्ये ‘ब्लू ट्रेन’ हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. यातील पाचपैकी चार रचना त्यांच्या स्वतःच्या आहेत.

‘काइंड ऑफ ब्लू’ आणि ‘जायंट स्टेप्स’

१९५८ च्या प्रारंभी कोल्ट्रेन पुन्हा डेव्हिस यांच्याकडे आले. या सुमारास ते स्वरांचे इतके द्रुत आणि दाट पुंजके वाजवीत की, समीक्षक आयरा गिटलर यांनी त्यांच्या वादनास ध्वनीच्या पत्र्यांची उपमा दिली. ही उपमा पुढे रूढ झाली.

१९५९ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने ध्वनिमुद्रित झालेले दोन अल्बम त्यांच्या कलेची दोन टोके दाखवितात. डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (मार्च व एप्रिल) या अल्बममध्ये एकच स्वरमालिका बराच वेळ आधारभूत राहते आणि वादकाला विस्तारासाठी मोकळी जागा मिळते. कोल्ट्रेन यांच्या ‘जायंट स्टेप्स’मधील शीर्षकरचनेत याच्या उलट घडते. एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे समूह, म्हणजे कॉर्ड, तीत अतिशय वेगाने बदलतात आणि रचनेचे केंद्र दर थोड्या वेळाने दुसऱ्या स्वरावर सरकते. मूळ ध्वनिमुद्रणात टॉमी फ्लॅनगन यांच्यासारखे निष्णात पियानोवादकही या वेगात अडखळताना ऐकू येतात. ही रचना आजही जॅझच्या विद्यार्थ्यांची कसोटी मानली जाते. त्याच अल्बममधील ‘नाइमा’ ही संथ रचना त्यांच्या पहिल्या पत्नीच्या नावावरून केलेली आहे.

चौकडी आणि टीका

१९६० मध्ये डेव्हिस यांच्यापासून वेगळे होऊन कोल्ट्रेन यांनी स्वतःची चौकडी उभारली. मॅकॉय टायनर (पियानो), एल्विन जोन्स (ड्रम्स) आणि पुढे जिमी गॅरिसन (डबल बास) यांच्यासह ही चौकडी जॅझच्या इतिहासातील महत्त्वाच्या वाद्यसमूहांपैकी एक ठरली. ऑक्टोबर १९६० मध्ये त्यांनी ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या संगीतिकेतील ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे गाणे सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजविले. ओळखीच्या चालीचा तेरा मिनिटांहून अधिक विस्तार करणारे हे ध्वनिमुद्रण लोकप्रिय झाले. ही चाल ते अखेरच्या महिन्यांपर्यंत वाजवीत होते, मात्र तिचे रूप ओळखू न येण्याइतके बदलले होते.

१९६१ मध्ये ते इम्पल्स कंपनीशी करारबद्ध झाले. त्या वर्षी एरिक डॉल्फी यांच्यासह केलेल्या कार्यक्रमांवर कडाडून टीका झाली. ‘डाउनबीट’ नियतकालिकातील एका समीक्षकाने या संगीताला जॅझविरोधी ठरविले. १९६२ मध्ये त्याच नियतकालिकात कोल्ट्रेन आणि डॉल्फी यांनी आपली भूमिका शांतपणे मांडली. यानंतरच्या काळात ‘बॅलड्स’, ड्यूक एलिंग्टन यांच्यासह केलेला अल्बम आणि गायक जॉनी हार्टमन यांच्यासह केलेला अल्बम प्रसिद्ध झाले. या तिन्हींतील सौम्य, गेय वादन आजही नव्या श्रोत्यांसाठी प्रवेशद्वार ठरते.

१५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे वर्णद्वेष्ट्यांनी चर्चमध्ये घडविलेल्या बाँबस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मृत्युमुखी पडल्या. दोन महिन्यांनी कोल्ट्रेन यांनी ‘अलाबामा’ ही शोकरचना ध्वनिमुद्रित केली. तीत एकही शब्द नाही.

‘अ लव्ह सुप्रीम’

९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत चौकडीने ‘अ लव्ह सुप्रीम’ ही चार भागांची रचना ध्वनिमुद्रित केली. सुमारे ३३ मिनिटांची ही रचना कोल्ट्रेन यांनी ईश्वराला अर्पण केली आहे. तिचा पहिला भाग बासवरील चार स्वरांच्या आकृतीवर उभा आहे. शेवटच्या भागात त्यांनी स्वतः लिहिलेल्या प्रार्थनेचे शब्द सॅक्सोफोनवर जणू उच्चारले आहेत. अल्बमसोबत छापलेली ती प्रार्थना समोर ठेवून ऐकल्यास शब्द आणि स्वर यांचा मेळ लक्षात येतो. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अल्बम त्यांची सर्वांत ख्यातनाम कृती आहे.

भारतीय संगीताशी संबंध

कोल्ट्रेन यांना आफ्रिका आणि आशियातील संगीताविषयी आस्था होती. सतारवादक रविशंकर यांचे वादन ते आवडीने ऐकत. पुढे दोघांची भेट होऊन रागसंगीताविषयी चर्चाही झाली. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड येथे ध्वनिमुद्रित झालेल्या ‘इंडिया’ या रचनेत दोन डबल बास वापरले असून, त्यांचा आधारस्वर तंबोऱ्याची आठवण करून देतो. ही रचना म्हणजे रागगायनाचे अनुकरण नव्हे. एका स्थिर आधारावर दीर्घ विस्तार करण्याचे तत्त्व तेवढे तीत आढळते. १९६५ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव त्यांनी रविशंकर यांच्यावरून रवी ठेवले. रवी कोल्ट्रेन हेही सॅक्सोफोनवादक आहेत. दुसऱ्या पत्नी ॲलिस कोल्ट्रेन यांनी पुढे वेदान्ताचा मार्ग स्वीकारला आणि कॅलिफोर्नियात आश्रम स्थापन केला.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

जून १९६५ मध्ये अकरा वादकांसह ध्वनिमुद्रित केलेल्या ‘असेन्शन’पासून कोल्ट्रेन मुक्त जॅझकडे वळले. ठरलेला ताल आणि स्वररचना यांची बंधने या संगीतात सैल होत गेली. फॅरो सँडर्स (सॅक्सोफोन) आणि रशीद अली (ड्रम्स) त्यांच्या समूहात आले. टायनर आणि जोन्स मात्र या वाटेवर त्यांच्यासोबत राहिले नाहीत. १९६५ च्या अखेरीस टायनर व त्यानंतर लवकरच जोन्स बाहेर पडले आणि पियानोवर ॲलिस आल्या. अनेक जुने श्रोतेही दुरावले. जुलै १९६६ मध्ये जपानच्या दौऱ्यावर असताना कोल्ट्रेन यांनी नागासाकी येथील अणुबाँबच्या बळींच्या स्मारकास भेट दिली.

१७ जुलै १९६७ रोजी लाँग आयलंडवरील हंटिंग्टन येथील रुग्णालयात यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे चाळीस वर्षांचे होते. न्यूयॉर्कमधील अंत्यविधीच्या वेळी अल्बर्ट आयलर आणि ऑर्नेट कोलमन यांच्या समूहांनी वादन केले.

मरणोत्तर अल्बम

कोल्ट्रेन यांचे अप्रकाशित संगीत त्यांच्या निधनानंतर अनेक दशके प्रसिद्ध होत राहिले.

‘इंटरस्टेलर स्पेस’ : फेब्रुवारी १९६७ मधील हे ध्वनिमुद्रण १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. यात केवळ सॅक्सोफोन आणि ड्रम्स आहेत.

माँक यांच्यासह कार्नेगी हॉलमधील कार्यक्रम : नोव्हेंबर १९५७ मधील या कार्यक्रमाच्या फिती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडल्या व २००५ मध्ये प्रकाशित झाल्या.

‘बोथ डिरेक्शन्स ॲट वन्स’ : मार्च १९६३ मधील हे ध्वनिमुद्रण पहिल्या पत्नी नाइमा यांच्या कुटुंबाकडे जपलेल्या फितींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

सन्मान

कोल्ट्रेन यांना १९९२ मध्ये मरणोत्तर ग्रॅमी जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. फिलाडेल्फियातील त्यांचे घर १९९९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित झाले. २००७ मध्ये पुलित्झर पारितोषिक मंडळाने त्यांना मरणोत्तर विशेष गौरवपत्र दिले. सॅन फ्रान्सिस्कोमधील एका आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्यांना संत मानले जाते आणि तेथील उपासनेत त्यांचे संगीत वाजविले जाते.