पिवळ्या गळ्याची चिमणी

चिमणी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. घराच्या वळचणीला, शाळेच्या पटांगणात, किराणा दुकानासमोर सांडलेल्या दाण्यांवर ती हमखास दिसते. चिमणी कोणाला ओळखता येत नाही, असे तुम्ही म्हणाल. परंतु तुम्ही आजवर चिमणी समजून पाहिलेला प्रत्येक पक्षी खरोखर चिमणीच होता, हे तुम्ही खात्रीने सांगू शकाल काय? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईतील एका लहान मुलापुढे असाच प्रश्न उभा राहिला. त्याच्या उत्तराचा शोध घेता घेता तो मुलगा जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ झाला. त्याचे नाव सलीम अली.

सलीम यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही वारली. त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या मुलांना खेतवाडीतील आपल्या घरी नेऊन मायेने वाढवले.

मामांना शिकारीचा छंद होता. त्यांनी सलीमला एक छऱ्यांची बंदूक दिली. त्या काळी शिकार हा मानाचा खेळ समजला जाई. सलीमही चिमण्या मारू लागला. तो दहा वर्षांचा असताना एक दिवस त्याने मारलेली चिमणी त्याला निराळी वाटली. दिसायला ती घरातल्या चिमणीच्या मादीसारखीच होती. पण तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा पक्षी कोणता? तो खाणे हलाल आहे की नाही? सलीमला काही कळेना. तो मामांकडे गेला. मामांनाही तो पक्षी ओळखता आला नाही. ते ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन सलीमला संस्थेचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले.

सलीम बिचकतच तेथे गेला. मिलार्ड यांनी मेलेली चिमणी हातात घेतली आणि ती पीतकंठी चिमणी आहे, हे लगेच ओळखले. त्यांनी कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेल्या कितीतरी पक्ष्यांचे नमुने त्या मुलाला दाखवले. आपल्या देशात एवढ्या जातींचे पक्षी आहेत, हे सलीमला त्या दिवशी प्रथमच कळले.

आता तुम्हीही या दोन चिमण्यांतील फरक समजून घ्या. घरचिमणीच्या नराचे डोके राखाडी असते आणि गळ्याखाली काळा डाग असतो. मादी भुरकट असून तिच्या पाठीवर गडद रेघा असतात. पीतकंठी चिमणीच्या पाठीवर अशा रेघा नसतात. तिच्या पंखांवर पांढऱ्या पट्ट्या असतात आणि नराच्या खांद्यावर तांबूस-तपकिरी डाग असतो. मादीच्या गळ्यावरील पिवळा ठिपका मात्र फिकट असतो, म्हणून तेवढ्यावर विसंबून चालत नाही. पीतकंठी चिमणी झाडांवर राहते आणि बहुधा झाडाच्या ढोलीत घरटे करते. म्हणजेच पक्षी ओळखताना केवळ रंग पाहून भागत नाही. तो कोठे बसतो, कोठे राहतो, हेही पाहावे लागते.

सलीम यांची पुढची वाट सोपी नव्हती. शाळेच्या अभ्यासात ते फार हुशार नव्हते. ते ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायासाठी गेले, पण तेथे त्यांचे मन जंगलातील पाखरांतच रमले. १९१८ मध्ये त्यांचा तहमीना बेगम यांच्याशी विवाह झाला. पुढे ब्रह्मदेशातील व्यवसाय बुडाला आणि ते मुंबईला परतले. पक्षिशास्त्रज्ञाची एक सरकारी जागा होती; परंतु विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे ती त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात लोकांना माहिती सांगण्याचे काम त्यांना मिळाले. आपले ज्ञान अपुरे आहे असे वाटल्यामुळे ते रजा घेऊन जर्मनीला गेले आणि बर्लिन येथे प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो काय, पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती!

अशा वेळी दुसरा कोणी खचून गेला असता. सलीम आणि तहमीना मात्र अलिबागजवळील किहीम या गावी राहायला गेले. तेथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची घरटी होती. उर्दूत याच पक्ष्याला बया म्हणतात. पावसाळ्यात सुगरणीच्या नराचे डोके पिवळेधमक होते. विणीचा हंगाम संपला की तो रंग जातो आणि नर व मादी दोघेही चिमणीच्या मादीसारखे दिसू लागतात! तेव्हा जाड चोच आणि आखूड शेपटी पाहूनच त्यांना ओळखावे लागते.

सलीम तासन्‌तास त्या घरट्यांकडे पाहत बसत आणि दिसेल ते टिपून ठेवत. त्यातून जे कळले, ते नवलाचे होते. आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो, पण घरटे विणतो तो नर! तो अर्धे घरटे विणतो. मग माद्या येऊन ते पाहून जातात. एखादीला घरटे पसंत पडले तरच ती तेथे राहते. त्यानंतर नर ते घरटे पूर्ण करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो. १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि सलीम अलींचे नाव शास्त्रज्ञांत आदराने घेतले जाऊ लागले. नोकरी गेली म्हणूनच हे काम झाले, हे लक्षात ठेवा.

पुढे त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर अशा अनेक संस्थानांत हिंडून पक्ष्यांची पाहणी केली. तहमीना रानावनातही त्यांच्या सोबत असत. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. हे दुःख मोठे होते, तरीही सलीम अलींनी काम सोडले नाही. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले. त्यात त्यांनी पक्ष्याचे आकारमान सांगताना चिमणी, बुलबुल, मैना, कावळा अशा परिचित पाखरांचे माप वापरले. त्यामुळे सामान्य माणसालाही अनोळखी पक्षी ओळखता येऊ लागला. नंतर अमेरिकन शास्त्रज्ञ रिप्ले यांच्यासह त्यांनी दहा खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला. भारत सरकारने त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरवले. छऱ्यांच्या बंदुकीने चिमण्या मारणारा मुलगा पुढे आयुष्यभर पाखरांच्या आणि अरण्यांच्या रक्षणासाठी झटला. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे मुंबईत निधन झाले.

मित्रांनो, आता तुमच्या अंगणातच पाहा. तुरा असलेला प्रत्येक बुलबुल सारखा नसतो. लालबुड्या बुलबुलाचे डोके काळे आणि तुरा बुटका असतो. शिपाई बुलबुलाचा तुरा उंच व टोकदार असतो आणि गाल पांढरा असून डोळ्यामागे लाल ठिपका असतो. शेपटीखाली मात्र दोघांनाही लाल रंग असतो. तसेच दयाळ आणि चिरक यांचे नर दुरून सारखेच काळे दिसतात. पण दयाळाचे पोट पांढरे असते आणि चिरकाच्या शेपटीखाली तांबूस रंग असतो.

पक्षी दिसला की त्याची चोच, शेपटी, चाल आणि बसण्याची जागा नीट पाहा. त्याचा आवाज ऐका. सर्व काही वहीत लिहा. बंदूक नको, पिंजराही नको. डोळे, कान आणि धीर एवढे पुरे. ओळखता आले नाही, तर जाणकाराला विचारायला लाजू नका. एका लहान मुलाने तसे विचारले, म्हणून आपल्या देशाला सलीम अली मिळाले.