अनंत कान्हेरे आणि खिशात मावणारं पिस्तूल

फर्स्ट इयरला अ‍ॅडमिशन घेऊन आपण होस्टेलवर येतो तेव्हा आपलं वय किती असतं? सतरा-अठरा. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात पिस्तूल लपवून बसलेल्या अनंत लक्ष्मण कान्हेरेला अठरा पूर्ण व्हायला अजून काही दिवस बाकी होते.

त्याचा जन्म ७ जानेवारी १८९२ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात आयनी गावचा. इंग्रजी शिकायला तो औरंगाबादेत राहिला आणि तिथे असतानाच नाशिकच्या गुप्त मंडळाशी जोडला गेला. कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे त्या मंडळातले म्होरके. जून १९०९ मध्ये कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जन्मठेप, म्हणजे काळं पाणी झालं. तो खटला पुढे पाठवणारा नाशिकचा कलेक्टर जॅक्सन या पोरांच्या डोळ्यांत खुपू लागला.

आता हत्यार कोणतं घ्यायचं? आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना इथे खरी गंमत कळेल. १८७८ च्या कायद्याने लायसन्सशिवाय हत्यार बाळगता येत नव्हतं, तेव्हा जे लपेल तेच कामाचं. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या नळकांड्यात असतात, त्यामुळे मधोमध फुगवटा येतो आणि कपड्यावरून तो दिसतो. अमेरिकन कारागीर जॉन ब्राउनिंगने गोळ्या मुठीतच एकावर एक रचल्या. गोळी सुटल्याच्या धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामं टरफल बाहेर पडतं, आणि स्प्रिंगने परत येताना पुढची गोळी चढते. यामुळे पिस्तूल झालं चपटं. बेल्जियमच्या कारखान्यात ती हजारोंनी निघत होती. अशी २० ब्राउनिंग पिस्तुलं वि. दा. सावरकरांनी लंडनहून पाठवली. इंडिया हाऊसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन ती ट्रंकेच्या चोरतळात घालून मार्च १९०९ मध्ये मुंबईत उतरला. त्यांतलंच एक अनंतच्या हाती आलं.

जॅक्सनची बढतीवर बदली झाली. निरोपाला किर्लोस्कर मंडळींचं 'शारदा' ठेवलेलं. जॅक्सन आत येताच अनंतने गोळ्या झाडल्या. चुकला तर देशपांडे आणि त्यानंतर कर्वे, असं ठरलेलं होतं, पण तशी वेळ आली नाही. जॅक्सन जागीच गेला, अनंत जागीच पकडला गेला.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हा जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता. त्याने जमवलेल्या लोकसमजुतींच्या टिपणांवरून एंथोवेन यांनी पुढे पुस्तकं काढली. अशा माणसाला मारल्याने काय साधलं, हा वाद त्या वेळीही झाला आणि आपल्या मेसच्या टेबलावरही व्हायला हरकत नाही. आणि बघा, आपण सेवाग्रामला ज्यांची कुटी बघायला जातो त्या गांधीजींनी लंडनच्या क्रांतिकारकांशी वाद घालून परतताना, नोव्हेंबर १९०९ मध्ये बोटीवरच 'हिंद स्वराज' लिहिलं. ते 'इंडियन ओपिनियन'मध्ये छापून आलं ११ आणि १८ डिसेंबरला. शेवटचा भाग आला आणि तिसऱ्या दिवशी नाशिकला गोळ्या सुटल्या.

पिस्तूल लपलं, पण ते आलं कुठून हे काही लपलं नाही. अमीन माफीचा साक्षीदार झाला. मार्च १९१० मध्ये लंडनला सावरकरांना अटक झाली, आणि जानेवारी १९११ मध्ये याच खुनाला मदत केल्याबद्दल दुसरी जन्मठेप लागली. अंदमानची ती ५० वर्षं आपण शाळेत वाचली आहेतच.

अनंत, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. प्रेतं घरच्यांना दिली नाहीत. नाशिकच्या ज्या ग्राउंडवर आता रणजीच्या मॅचेस होतात, त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान.