वसईचे संत गोन्सालो आणि एक बंद दार



गेल्या महिन्यात धर्मशिक्षणाच्या वर्गाबाहेर एक हाक आमच्या कानी आली. ईशान्य भारतातून आपल्या धर्मग्रामात आलेल्या एका मुलाला बरोबरीची मुले चायनीज म्हणून बोलावीत होती. तोही हसत होता. पण वर्ग सुटल्यावर तो एकटाच घरी गेला. त्या रविवारी ठरलेला धडा बाजूला ठेवून आम्ही मुलांना संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र सांगितले. पालकांसाठी ते येथे देत आहोत.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई येथल्याच मातीतली. येशूसंघीय फादरांकडे ते शिकले आणि सुमारे पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली व आठेक वर्षे लोकांना धर्मशिक्षण दिले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. त्यांनी पुन्हा पुन्हा विनंती केली. प्रत्येक वेळी थांबायला सांगण्यात आले. त्या काळी व्रतस्थ संघांची दारे भारतीय व मिश्र वंशाच्या तरुणांना जवळजवळ बंदच होती. ही माणसे अशा जीवनाला कच्ची, असे युरोपातून आलेल्या अनेक वरिष्ठांनी आधीच ठरवून टाकले होते. गोन्सालो यांनाही त्यांच्या जन्मामुळेच डावलले गेले, असे अनेकजण मानतात.

येथे थांबून आम्ही मुलांना विचारले, नकार देणारे लोक दुष्ट होते का? सर्वांनी एका सुरात हो म्हटले. पण तसे नव्हते. त्यांनीच गोन्सालोंना शिकवले, सोबत नेले, कामात विश्वासाने घेतले. फक्त आपल्यातला एक मानणे त्यांना जमले नाही. कामाला आपला, पंक्तीला परका! पूर्वग्रह म्हणतात तो हाच. मनात द्वेष नसतानाही तो घर करतो. म्हणून तो ओळखणे कठीण. ख्रिस्तसभेतील ही चूक आम्ही मुलांपासून लपवली नाही.

निराश झालेल्या गोन्सालोंनी व्यापार केला, त्यात जम बसवला. पण मन रमेना. अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना ब्रदर म्हणून स्वीकारले. पुढे फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले आणि तेथील सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभे राहिले. काही वर्षांनी तोच हिदेयोशी ख्रिस्ती लोकांवर उलटला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आले. वीस जपानचे, चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक आपला वसईकर. त्यांत तिघे येशूसंघीय होते. ज्या संघाचे दार गोन्सालोंसाठी उघडले नाही, त्याचेच बंधू शेवटी त्यांच्या रांगेत होते. १८६२ साली पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना संत घोषित केले. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत.

पालकहो, मुले अशा हाका कोठून शिकतात? बहुधा आपल्याच जेवणाच्या टेबलावरून. आपल्याला कोणी मकापाव म्हटले की झोंबते. मग भैय्या आणि मद्रासी हे शब्द आपल्या तोंडी सहज कसे येतात? गोऱ्या लेकीचे कौतुक चालू असताना शेजारी बसलेल्या सावळ्या लेकीला काय वाटत असेल? मुलांना नुसते रागावून भागणार नाही. तुझ्या मित्राचे गाव कोणते, त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात, त्याला काय आवडते, हे त्यांना विचारू या. माणूस ओळखीचा झाला की शिक्का गळून पडतो.

वर्गाच्या शेवटी आम्ही प्रत्येकाला आपले नाव व आजीचे गाव फळ्यावर लिहायला सांगितले. त्या मुलाच्या आजीच्या गावाचे नाव म्हणताना सगळ्यांची जीभ अडखळली. त्याने ते तीनदा म्हणून दाखवले. घरी जाताना त्याच्याबरोबर दोघे होते.