झुंजारचे जनक

मैत्रिणींनो, मोठ्यांची नजर चुकवून गोष्टीचं पुस्तक वाचलंय कधी? आपल्या आया-मावश्यांच्या पिढीत असं वाचलं जायचं ते बाबूराव अर्नाळकरांचं! त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत चष्म्याचं दुकान सांभाळत त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू हे त्यांचे नायक घराघरांत पोचले. भाषा साधी, पुस्तकं छोटी. त्यामुळे जेमतेम शिकलेल्यांनाही वाचनाची गोडी लागली. समीक्षकांनी मात्र त्यांना साहित्यिक म्हणून फारसं मोजलं नाही. १९९६ साली ते गेले. आपल्या सुरगाण्यात घरातली पहिलीच शिकणारी मुलगी गोष्टीचं पुस्तक घेऊन बसली, तर ‘अभ्यास कर’ म्हणत ते हिसकावू नका. एकदा गोडी लागली की जाड पुस्तकंही ती आपणहून उघडेल.