बटण दाबण्याआधी : डेनिस रिची

नंदुरबार जिल्ह्यात धुळे-सुरत हायवेवर विसरवाडी नावाचं गाव आहे. गावातल्या माणसांची आठवण पक्की, पण नाव मात्र कॉम्प्युटरच्या रॅमला शोभणारं! लाईट गेली की रॅम सगळं विसरते, हार्डडिस्क विसरत नाही. सर्व्हर नीट बंद करायचा म्हणजे रॅममधलं सगळं आधी डिस्कवर पोहोचवायचं. हा धडा ज्या युनिक्सने घालून दिला, त्याच्या एका जनकाची ही ओळख.

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. वडील बेल लॅब्जमध्ये नोकरीला. डेनिस हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकले, पुढे गणिताकडे वळले. पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाला, पण पदवी काही पदरात पडली नाही. (सबमिशन बाकी असलेल्यांनी यातून धीर घेऊ नये!) १९६७ मध्ये तेही बेल लॅब्जमध्ये आले.

१९६९ मध्ये बेल लॅब्जने मल्टिक्स हा अवाढव्य प्रकल्प सोडला. तेव्हा केन थॉम्पसन, रिची आणि रड कॅनडे यांनी फळ्यावर नव्या फाइल सिस्टिमचा आराखडा मांडला. थॉम्पसन यांनी तो पीडीपी-७ या जुन्या मशीनवर उतरवला आणि युनिक्स जन्माला आलं. रिचींनी १९७२ च्या सुमारास सी भाषा घडवली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी मध्ये नव्याने लिहिला गेला.

डिस्क हळू चालते, म्हणून युनिक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठवतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. वेग मिळतो, पण मध्येच वीज गेली तर फाइल अर्धवट राहते आणि नोंदी जुळत नाहीत. त्यासाठी ‘सिंक’ ही आज्ञा आली. जुन्या काळी ती फक्त काम रांगेत लावून परत यायची, म्हणून ऑपरेटर मंडळी तीन वेळा सिंक टाइप करत. तेवढ्या वेळात डिस्कचं लिहून होई!

आज ‘शटडाउन’ हीच कामं क्रमाने करतं : लॉगिन असलेल्यांना सूचना, डेटाबेस व इतर सेवा बंद, सिंक, डिस्क मोकळी, मग वीज बंद. सर्व्हर अडकला तरी थेट रिसेट दाबायचं नाही. आधी दुसऱ्या मशीनवरून लॉगिन होतं का बघावं, अडलेली प्रोसेस थांबवावी, मग रिबूट. रिसेट हा शेवटचा उपाय. दाबावाच लागला, तर सुरू होताना चालणारी डिस्क तपासणी पूर्ण होऊ द्यावी.

१९८३ मध्ये रिची व थॉम्पसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये रिची निवृत्त झाले. ऑक्टोबर २०११ मध्ये, स्टीव्ह जॉब्स गेल्यानंतर आठवडाभरातच, त्यांच्या निधनाची बातमी आली. जगाने फारशी दखल घेतली नाही. पण आपल्या लॅबचा लिनक्स सर्व्हर आणि खिशातला मोबाईल, दोन्हींत त्यांचं काम आजही चालू आहे.

त्या सर्व्हरवर कुणाचं तरी वर्षभराचं प्रोजेक्ट असतं. हायवेवरची पाटी लॅबलाही लागू आहे : अति घाई, संकटात नेई!