कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक

ज्ञातीतील थोर पुरुषांच्या चरित्रमालेत यंदा हे नाव पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, हे आम्ही जाणून आहो. ज्या पुरुषास आपल्याच वाडवडिलांनी जातीबाहेर केले, त्याचे चरित्र आपल्याच स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैर म्हणता येणार नाही. आमचे उत्तर इतकेच की, टिळक आपल्या घरातून गेले, आणि ते का गेले हे आपण कधी शांतपणे ऐकून घेतले नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी चित्तपावन कुळात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच मातृछत्र हरपले आणि त्यानंतर हा मुलगा घरात म्हणून रमला नाही. नाशकास संस्कृताचे अध्ययन झाले, वक्तृत्व आणि कवित्व उपजतच होते. परंतु नोकरी एका जागी टिकेना, पैसा हातात राहीना, आणि मनाला तर कोठेच थारा मिळेना. जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका अकराव्या वर्षी लक्ष्मीबाई होऊन त्यांच्या घरी आली, ती या भटकंतीचा निमूट भार वाहू लागली. धर्मचिंतन मात्र अखंड चालू होते. जातिभेदाने पोखरलेला हा देश एक कसा व्हावा, ही तळमळ त्यांना झोपू देत नसे.

१८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. ते तो वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. शत्रूवरही प्रेम करण्याची ती शिकवण त्यांच्या बेचैन अंतःकरणात खोल रुतली. पुढे पुष्कळ वाद, पुष्कळ प्रार्थना झाल्या, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांना समाधान लाभले खरे. पण त्याची किंमत प्रथम कोणी मोजली? लक्ष्मीबाईंनी! पती जिवंत असता पतिवियोग, पदरी लहानगा दत्तू, आणि भोवती आप्तेष्टांचे उसासे, अशा स्थितीत त्यांनी काही काळ पंढरपुरास काढला. पुढे त्या पतीपाशी नगरास आल्या, तरी सोवळे काही काळ सांभाळूनच होत्या. ते गळून पडले ते आतून, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली नसतील त्यांनी ती अवश्य वाचावी. ज्ञातीच्या निष्ठुरपणाबरोबरच टिळकांचा लहरीपणाही त्यांनी तेथे झाकून ठेवलेला नाही.

तेव्हाच्या अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी अध्यापन व धर्मोपदेश केला, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले, आणि बालकवी ठोमरे यांना आपल्या घरी मुलासारखे ठेवून घेतले. परंतु साहेबी थाटाचा ख्रिस्ती धर्म त्यांना कधीच रुचला नाही. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांचे अभंग, त्यांची कीर्तने यांत वारकऱ्याची आळवणी जशीच्या तशी ऐकू येते. दैवत तेवढे वेगळे. आम्हांस वाटते, ज्याला ते धर्मांतर म्हणत त्यात त्यांनी जितके टाकले त्याहून अधिक सोबत नेले.

१९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला. वय छप्पन्न, संसार तुटपुंजा, तरी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा होती. जन्मभर जागा बदलणारा हा मनुष्य त्या दिवसांत प्रथमच कोठे जाण्यास उतावीळ नव्हता.

९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. दफनाऐवजी दहन व्हावे, ही त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे दहन होऊन रक्षा नगरास नेण्यात आली. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य जेमतेम आरंभून राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले. १९३६ साली त्या वारल्या, तेव्हा शेवट उरला होता. तो मुलाने, देवदत्ताने लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.